दात्रकोशिका रोग

रक्तातील तांबड्या कोशिकांमधील (पेशींमधील) हीमोग्लोबिन या ऑक्सिजनवाहक प्रथिनात जन्मजात दोष असल्यामुळे होणारा आनुवंशिक रोग. ऑक्सिजनाचे प्रमाण कमी होताच या कोशिकांना विळ्यासारखा वक्र आकार येतो; ‘दात्र’ म्हणजे विळा, यावरून रोगास हे नाव पडले. व्यवहारात तो ‘सिकल सेल’ या नावाने ओळखला जातो. हा रोग रक्ताचा असला, तरी त्याचे बहुतेक दुष्परिणाम रुधिराभिसरणात येणाऱ्या अडथळ्यामुळे होतात. महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाड्याचा काही भाग आणि सातपुड्याचा प्रदेश येथे तो आढळतो. खानदेशातील धुळे व जळगाव जिल्ह्यांचा सातपुड्यालगतचा भाग, तसेच १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा हे या दृष्टीने महत्त्वाचे होत.

इतिहास : या रोगाचे आधुनिक वैद्यकातील पहिले वर्णन जेम्स हेरिक या अमेरिकन वैद्यांनी १९१० मध्ये केले. रोगाचे मूळ हीमोग्लोबिनाच्या रेणूतच असल्याचे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. या प्रथिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल येते, एवढाच काय तो फरक असल्याचे व्हर्नन इन्ग्रॅम यांच्या संशोधनातून १९५६-५७ मध्ये स्पष्ट झाले. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये व आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्ये आढळला.

रुधिराभिसरणातील विकृती : निरोगी तांबडी कोशिका सु. ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची, चकतीसारखी व लवचिक असते. त्यामुळे आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही ती वाकून पुढे सरकते. ऊतकांना ऑक्सिजन दिल्यावर सदोष हीमोग्लोबिनाचे रेणू मात्र एकमेकांस चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात व कोशिका ताठर होते. अशा कोशिका वाहिनीच्या आतील अस्तरास चिकटतात, त्यांमागे इतर कोशिका अडकतात आणि पुढील ऊतकाचा रक्तपुरवठा तुटतो. ऑक्सिजन मिळताच पुष्कळशा कोशिका पूर्ववत होतात. परंतु हे वारंवार घडल्याने त्यांचे आवरण कायमचे बिघडते. निरोगी कोशिका सु. १२० दिवस जगते, तर दात्रकोशिका साधारणतः १० ते २० दिवसांतच नष्ट होते. अस्थिमज्जेतील निर्मिती ही झीज भरून काढू शकत नाही आणि रक्तक्षय होतो.

हृदयावर याचा दुहेरी भार पडतो. प्रत्येक मिलिलिटर रक्तातून कमी ऑक्सिजन वाहिला जात असल्याने हृदयास दर मिनिटाला अधिक रक्त ढकलावे लागते व कालांतराने त्याचे आकारमान वाढते. फुफ्फुसातील रोहिण्यांतील दाब वाढल्यास हृदयाच्या उजव्या भागावरही ताण येतो.

लक्षणे : जन्मतः बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. पुढे हातापायांची बोटे सुजणे, फिकटपणा, डोळ्यांत पिवळसर झाक, वारंवार ताप आणि हाडे, सांधे, छाती व पोट यांत असह्य वेदना ही लक्षणे दिसू लागतात. प्लीहेत एकाएकी रक्त साठून ती फुगल्यास बालक काही तासांत दगावू शकते. तसेच प्लीहा निकामी झाल्यावर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मेंदूच्या रोहिणीत अडथळा आल्यास लहान वयातही पक्षाघात होतो. मांडीच्या हाडाचे शीर्ष झिजणे, पायांवरील चिघळणाऱ्या जखमा आणि वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) विकार हे उत्तरकालीन परिणाम होत.

निर्जलीभवन, थंडी, ताप व अतिश्रम यांमुळे वेदनांचे झटके उद्‌भवतात. खानदेशातील कडक उन्हाळा, तसेच ऊसतोडीसारख्या कष्टाच्या कामांसाठी आदिवासी कुटुंबांना करावे लागणारे हंगामी स्थलांतर यांमुळे ही कारणे तेथे सहज एकत्र येतात; शिवाय स्थलांतराच्या काळात औषधोपचारात खंड पडण्याचा संभव असतो.

आनुवंशिकता व प्रसार : माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक मिळाल्यास रोग होतो, एकाकडूनच मिळाल्यास ती व्यक्ती ‘वाहक’ ठरते. वाहकास सामान्यतः कोणताही त्रास होत नाही, म्हणून तपासणीवाचून तो ओळखता येत नाही. दोन्ही वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले अपत्य रोगी निपजले म्हणून पुढील अपत्याचा धोका कमी होत नाही. रोगी अपत्याला दोष दोन्हीकडून आलेला असल्यामुळे त्याचे खापर केवळ मातेवर फोडणे अशास्त्रीय आहे. एका बाजूने दात्रकोशिकेचा व दुसऱ्या बाजूने बीटा थॅलॅसेमियाचा जनुक आल्यासही गंभीर रोग होऊ शकतो.

वाहकांना फाल्सिपेरम हिवतापाच्या तीव्र स्वरूपापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. हिवतापग्रस्त वनप्रदेशांत हा जनुक टिकून राहण्याचे कारण यात सापडते. महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, माडिया, परधान इ. जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. हे प्रमाण २० टक्के धरले व विवाह योगायोगाने होतात असे मानले, तरी दर २५ दांपत्यांपैकी एकात दोघेही वाहक असतील आणि दर १०० जन्मांमागे एक बालक रोगी असेल.

निदान व उपचार : रक्ताच्या थेंबावर करावयाची विद्राव्यता चाचणी गावपातळीवरही करता येते; मात्र तीवरून रोगी व वाहक यांतील भेद कळत नाही. त्यासाठी विद्युत् संचारण किंवा वर्णलेखन या पद्धतींनी हीमोग्लोबिनाचे पृथक्करण करावे लागते. भरपूर पाणी, फॉलिक अम्ल, बालकांना प्रतिबंधक पेनिसिलीन व लसीकरण, वेदनाशामके आणि गरजेनुसार रक्तपराधान हे उपचाराचे मुख्य भाग होत. हायड्रॉक्सीयुरियामुळे गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढून झटके कमी होतात. हे औषध वैद्याच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते. अस्थिमज्जा प्रतिरोपणाने रोग बरा होऊ शकतो, परंतु जुळणारा दाता व खर्च या अडचणी असतात. जनुक-संपादनावर आधारित उपचारास ब्रिटन व अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तोही अतिशय खर्चिक आहे.

भारत सरकारने जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सु. ७ कोटी व्यक्तींची तपासणी करून २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा हेतू वाहकांना विवाहापासून वंचित ठेवणे हा नाही. वाहकाचा निर्दोष व्यक्तीशी विवाह झाल्यास त्यांच्या अपत्यांना हा रोग होत नाही. विवाहापूर्वी दोघांची तपासणी, दोघेही वाहक असल्यास गर्भावस्थेतील निदानाची सोय आणि नवजात बालकाची वेळीच तपासणी यांमुळे रोगाचा प्रसार व बालमृत्यू हे दोन्ही कमी करता येतात.