कसोटी घाट उतरताना

मोहने येथून कल्याण, मुरबाड, टोकावडे मागे टाकले की माळशेज घाट समोर उभा ठाकतो. चार मीटरांहून कमी लांबीची, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची छोटी एसयूव्ही पाच माणसे व सामान घेऊन तो चढते. एसी चालू असल्यास तीव्र वळणावर दुसरा गिअर मात्र टाकावा लागतो.

खरी कसोटी परतीच्या उतारावर. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि ऐनवेळी दगा देतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढण पार केली, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडीला आवरून धरते. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग आजही भेटतात! वस्तुतः आधुनिक इंजिनात, गिअर टाकलेला असता व ॲक्सिलरेटर सोडलेला असता, इंधनपुरवठा आपोआप थांबतो.

उंच बांधणी खड्ड्यांत उपकारक, वळणावर मात्र गाडी अधिक कलते. जड सामान टपावर नव्हे, डिकीत तळाशी ठेवावे. मागे बसलेल्या आजींना मळमळही कमी होते.