श्रद्धा, तर्क आणि मताग्रह : ईश्वरानुमानाच्या वादाच्या संदर्भात

भारतीय तत्त्वज्ञानाच्या अध्यापनात श्रद्धा व तर्क यांची विभागणी बहुधा ठरावीक रीतीने केली जाते : वैदिक दर्शने श्रद्धेच्या बाजूला, चार्वाक व बौद्ध तर्काच्या बाजूला. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शतकानुशतके चाललेला वाद मुळातून पाहिल्यास ही विभागणी टिकत नाही. 'आस्तिक' ही संज्ञादेखील दर्शनपरंपरेत वेदप्रामाण्य मानणारा या अर्थी रूढ आहे. ईश्वर मानणारा हा अर्थ व्यवहारातला.

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट हे याचे ठळक उदाहरण होय. वेदांवरील त्यांची निष्ठा अढळ होती. तथापि 'श्लोकवार्तिका'त त्यांनी जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन केले आहे. कर्त्याला शरीर नसेल तर इच्छा व प्रयत्न कसे संभवतील? असेल तर ते शरीर कोणी घडविले? करुणेने सृष्टी निर्माण केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणेला पात्र असा जीव कोठे होता? याउलट, दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्य 'न्यायकुसुमांजली'त घटाला जसा कुंभार, तसा कार्यरूप जगाला कर्ता असलाच पाहिजे असे अनुमान मांडतात. वेदाचे प्रामाण्यही त्यांच्या मते वक्ता ईश्वर असल्यानेच सिद्ध होते. वेदनिष्ठा दोघांची, तर्कनिष्ठाही दोघांची. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. पुढे रामानुजाचार्यांनी 'श्रीभाष्या'त ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रैकगम्य आहे, असे प्रतिपादन केले. ईश्वरानुमानाचे खंडन एका परमभक्ताने करावे, ही गोष्ट अभ्यासक्रमात क्वचितच ठसविली जाते.

मग मताग्रह कोठे सुरू होतो? श्रद्धेच्या विषयावरून तो ओळखता येत नाही. प्रतिपक्षाला लावलेला निकष स्वपक्षाला लावण्याचे नाकारले जाते, तेथे तो आढळतो. वेदाचा कर्ता कोणाच्याही स्मरणात नाही, म्हणून वेद अपौरुषेय, ही मीमांसकांची एक प्रमुख युक्ती. धर्मकीर्तींनी यावर असा आक्षेप घेतला की, प्रवर्तक विस्मृतीत गेलेल्या म्लेच्छांच्या रूढींनाही मग हाच मान द्यावा लागेल. आक्षेप बिनतोड आहे. परंतु बुद्धाच्या सर्वज्ञतेचा प्रश्न आला की बौद्धही अडचणीत येतात : बुद्ध सर्वज्ञ आणि कपिल नव्हे, याला प्रमाण काय, हा कुमारिलांचा प्रश्न तितकाच रास्त आहे. शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रहा'त या आक्षेपांची दीर्घ दखल घेतली, हे त्यांच्या पक्षाच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

श्रद्धेचे स्थान यापेक्षा सूक्ष्म आहे. धूम व अग्नी यांचा संबंध सार्वत्रिक कशावरून, अशी शंका कोणीही घेऊ शकतो. उदयनांचे उत्तर असे की, शंकेची मर्यादा व्याघात, म्हणजे स्वतःच्याच वर्तनाशी येणारा विरोध, ही आहे. धूर हवा असता जो निःशंकपणे अग्नी पेटवितो, त्याची शंका शब्दांपुरतीच उरते. येथे विश्वास तर्काचा शत्रू ठरत नाही. तर्काला पाय रोवण्यास लागणारी भूमी तो पुरवितो. अर्थात हा विश्वास व्यवहारातील आहे. त्याच्या आधारे जगत्कर्त्यापर्यंतचे अंतर कापता येते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि 'ईश्वरसाधनदूषणा'त रत्नकीर्तींनी ईश्वरानुमानावर केलेला हल्ला आजही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

बाराव्या शतकात श्रीहर्षांनी 'खंडनखंडखाद्या'त उदयनांचेच शब्द थोडे फिरवून ती मर्यादा उलथवून टाकली : व्याघात असेल, तर ज्या शंकेशी तो आहे ती शंकाही असलीच पाहिजे, मग तो शंकेची मर्यादा कसा होईल? हा उपहास न्यायमताच्या मुळावर येणारा होता. चौदाव्या शतकातील नैयायिक गंगेशांनी तो टाळला नाही. 'तत्त्वचिंतामणी'त श्रीहर्षांचा आक्षेप प्रथम त्यांच्याच शब्दांत उद्धृत करून, शंकेला रोखणारी गोष्ट व्याघात नसून शंकाकाराची स्वतःची क्रियाच होय, असे उत्तर त्यांनी दिले.