चाकांवरचं घर (भाग ४) : सव्वादोन मीटरचा दरवाजा

गुंथर होल्टॉर्फ या जर्मन गृहस्थांनी लुफ्तान्झातली नोकरी सोडून १९८८ साली आफ्रिकेची वाट धरली. बेत दीड वर्षाचा होता. प्रवास संपला २०१४ मध्ये. तोवर त्यांची निळी मर्सिडीज ३०० जीडी पावणेदोनशेहून जास्त देशांत फिरून जवळपास नऊ लाख किलोमीटर चालली होती. होल्टॉर्फ आणि त्यांची पत्नी क्रिस्टीन गाडीच्या मागच्या भागातल्या गादीवर झोपत, स्वयंपाक बाहेर करत. गाडीचं नाव ऑटो. पुढे ती थेट श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात गेली.

आता या गाडीची ताकद ऐका : ३ लिटरचं डिझेल इंजिन आणि फक्त ८८ अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकलाही तेवढी असते. पण या इंजिनात टर्बो नव्हता आणि इंधनपंप यांत्रिक होता. बिघाड झालाच, तर तो पान्यानं उघडून डोळ्यांनी बघता येत असे. वडापच्या ट्रॅक्समध्ये गुडघे पोटाशी घेऊन तालुक्याला गेलेल्यांना या घराण्याचा आवाज ओळखीचा आहे. ट्रॅक्समधलं, बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यानं पुण्यात बनवलेलं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं इंजिन आणि ऑटोचं पाच सिलिंडरचं ओएम ६१७ ही सख्खी भावंडं.

लांबच्या प्रवासासाठी गाडी निवडताना ‘मजबूत कोणती?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘बंद पडली तर कोण उघडेल?’ हा त्याहून कामाचा. आफ्रिकेत मदतसंस्थांच्या पांढऱ्या लँड क्रुझर ७० जागोजागी दिसतात. त्यामुळे तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात, दोन्ही मिळतात. हे मॉडेल १९८४ पासून चालू आहे.

मग नवी कोरी गाडी घ्यायचीच नाही का? युरो ६ किंवा आपल्याकडच्या बीएस ६ डिझेल गाडीला १० पीपीएमपर्यंत गंधक असलेलं इंधन लागतं. जगात अनेक ठिकाणी पंपावर त्याच्या कितीतरी पट गंधकाचं डिझेल मिळतं. अशा इंधनानं धुराची गाळणी आणि त्यापुढची सगळी यंत्रणा बिघडू शकते. धूर शुद्ध करायला लागणारं अ‍ॅडब्लू हे द्रव संपलं, तर अनेक गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. उलट, जुनी डिझेल गाडी घेऊन युरोपात गेलात तर कित्येक शहरांच्या हवा-शुद्धी क्षेत्रात प्रवेश नाही, नाहीतर भुर्दंड. त्यामुळे नकाशा आधी आणि गाडी नंतर, असाच क्रम ठेवावा लागतो.

आता मापं. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डेरियनचं जंगल आहे, तिथे सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. अलास्काहून दक्षिण अमेरिकेला निघालेली प्रत्येक गाडी इथे जहाजावर चढते. साध्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर आणि रुंदी २.३४. तेवढ्यात मावणारी गाडी कुलूपबंद कंटेनरमधून जाते. उंच छपराची स्प्रिंटर साध्या कंटेनरमध्ये मावत नाही. ती रो-रो, म्हणजे गाड्या चालवतच आत नेतात अशा जहाजावर चढवायची, म्हणजे किल्ली बंदरावरच्या माणसाच्या हाती द्यायची आणि आतली भांडीकुंडी सलामत राहावीत अशी प्रार्थना करायची. आत ताठ उभं राहता येणं हे सुख मोठंच, पण दर समुद्राला त्याची किंमत मोजावी लागते.

यावरचा जुना तोडगा म्हणजे उचलतं छप्पर. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया बंद छपरासह दोन मीटरच्या आत बसते. मुक्कामी छप्पर वर ढकललं की उभं राहायला जागा होते आणि वर दोघांचं अंथरूणही पडतं. ऑटोसारख्या जी-वॅगन आणि लँड क्रुझरवरही कारागीर अशी छपरं चढवून देतात. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर वर्षभराहून लांबच्या, समुद्र ओलांडणाऱ्या प्रवासाला हीच रचना सर्वांत शहाणी.

मात्र या छपराच्या भिंती कापडी असतात. पॅटागोनियाच्या वाऱ्यात त्या रात्रभर फडफडतात. आणि अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या तळावर कापडी भिंतींच्या गाडीला मुक्कामाची परवानगीच नाही, कारण तो मुलूख ग्रिझली अस्वलांचा आहे.