माझाच अर्ज, माझ्याच टेबलावर

बँकेत असताना यंत्रासाठी कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारत असे, "जुन्या यंत्रावर कोणतं काम होत नाही, ते सांगा." पिठाची गिरणी असो की छापखाना, याचे नीट उत्तर देणाऱ्याचे कर्ज सहसा बुडत नसे. निवृत्तीनंतर हाच प्रश्न माझ्यासमोर येऊन बसला आणि माझी त्रेधा उडाली.

निमित्त झाले माझ्या कॉम्प्युटरचे. २०१४ साली मुलाने सुटे भाग आणून तो घरीच जोडून दिला होता. त्यावर दोन कादंबऱ्या लिहून झाल्या. तिसरी तीनशे पानांवर अडली. अलीकडे तो सुरू करून मी चहा करून, पिऊन आलो तरी महाराज जागे झालेले नसत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. माझा चौथ्या पिढीचा!

"बाबा, मदरबोर्ड बदलून टाका," मुलाने फोनवरून सांगितले.

दुरुस्तीला येणाऱ्या तरुणाने हिशेब मांडला. नव्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये जुना प्रोसेसर बसत नाही, म्हणून तो नवा. जुनी रॅम डीडीआर-३ची, नव्या बोर्डाला डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ लागते, खाचच वेगळी. म्हणून तीही नवी. नवरदेवामागे वऱ्हाड यावे, तसा प्रकार! बेरीज झाली २४,००० रुपये.

"घेऊन टाका की," ही म्हणाली. "निदान कादंबरी तरी पुढं सरकेल."

टोमणा मला कळला. दोन वर्षे ती न सरकण्याचे खापर मी कॉम्प्युटरवरच फोडत होतो.

मग मी स्वतःच्या अर्जावर तो जुना प्रश्न लिहिला. कोणते काम होत नाही? मराठी टाइप होते, पाने छापून निघतात. तक्रार एकच, वेळ फार लागतो.

"काका, त्यात बोर्डाचा दोष नाही," तरुण म्हणाला. "हार्डडिस्क जुनी आहे, फिरत्या तबकडीची. एसएसडी लावली की फरक दिसेल. आणि बोर्ड गेला तर तुमची पानं जात नाहीत. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. डिस्क गेली तर सगळंच गेलं. कॉपी आहे ना कुठं?"

कॉपी नव्हती. चार वर्षांची मेहनत एका म्हाताऱ्या तबकडीवर फिरत होती! १९८०च्या दशकाअखेर आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आले, तेव्हा दिवसाच्या शेवटी फ्लॉपीवर नक्कल काढल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. ती शिस्त निवृत्तीच्या दिवशी मी बँकेतच ठेवून आलो होतो. लोकांची कागदपत्रे तिजोरीत, आणि माझे तारण उघड्यावर!

त्याच संध्याकाळी पाने पेनड्राइव्हवर उतरवली, एक प्रत मुलाला पाठवली. दुसऱ्या दिवशी ४,००० रुपयांची एसएसडी बसली. आता चहाला उठायला सवडच मिळत नाही. नाव नोंदवल्यास घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६पर्यंत विंडोज १०च्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील, असे २०२५ साली जाहीर झाले होते. ती नोंदणी केली. मुदत संपली की इंटरनेटची वायर काढून टाकायची, असेही ठरवले आहे. लिहायला ती लागत नाही.

शेजारची मुलगी व्हिडिओ एडिटिंग करते. तिने बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळे बदलले आणि योग्यच केले. पूर्वी रात्रभर चालणारे तिचे काम आता जेवण होईतो आटोपते. तिचे यंत्र कमाई करते. तिचा अर्ज मी लगेच मंजूर केला असता.

माझा मात्र नामंजूर केला. वाचलेल्या वीस हजारांचे काय करायचे, ते हिने केव्हाच ठरवले आहे. माझ्यापाशी आता सबब उरली नाही. काल रात्री पान ३०१ लिहायला घेतले.