जखम पायाला, धाप छातीत

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातले तांडे आणि वस्त्या ओस पडतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. फडात कोयता पायावर बसला तरी फडकं गुंडाळून तोडणी चालूच राहते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. पाय सुजतो, जखम चिघळते, ताप चढतो. लोक म्हणतात, सेप्टिक झालं. मग एका रात्री धाप लागते आणि घरच्यांना कळेनासं होतं : लागलं पायाला, मग छातीला काय झालं?

या प्रश्नाचा एक धागा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपाशी जातो; त्यांची ओळख आपण मागच्या आठवड्यात करून घेतली. रक्तातल्या शंभर पांढऱ्या पेशींत पन्नास ते सत्तर याच असतात. जखमेवरचं फडकं सोडताना त्याला चिकटून येणारा पिवळा पू म्हणजे मुख्यतः याच पेशींचा खच. जंतूंना गिळून तिथंच मेलेल्या. शरीरातल्या भटक्या पेशी परक्या वस्तूवर चालून जातात, हे 1882 मध्ये जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिलं.

जखमेपुरती ही झुंज उपकारकच असते. सेप्सिसमध्ये, म्हणजे ही झुंज हाताबाहेर गेली की, मात्र धोक्याचा सांगावा रक्तातून अंगभर पोचतो. अस्थिमज्जा साठ्यातल्या पेशी भराभर बाहेर सोडते, पुरत्या न वाढलेल्यासुद्धा. आणि अंगातून परतलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून आधी फुफ्फुसातच जातं.

खरी अडचण तिथल्या वाटेची आहे. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या सरासरी पाच-सहा मायक्रॉन रुंद, तर न्यूट्रोफिल सात-आठ मायक्रॉनची. एरवी ती मऊ कणकेसारखी लांबट होते आणि त्या बोळातून सरकून जाते. सांगावा मिळाला की तिच्या आतला सांगाडा ताठरतो, अंग चिकट होतं आणि ती अडकते. मागून आलेलीही अडकते. मग जंतूंसाठी राखलेली शस्त्रं आपल्याच भिंतीवर चालतात : जाळणारी ऑक्सिजनची संयुगं, प्रथिनं कापणारं इलॅस्टेज. काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. हे जाळं 2004 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यात जंतू सापडतात, पण केशवाहिन्यांच्या भिंतीही जखमी होतात.

रक्त आणि हवा यांच्यातला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो फाटला की प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत झिरपतं, कोश मिटतात. कोविडच्या दिवसांत बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा ऑक्सिजन देऊनही वर सरकत नव्हता, ते चित्र आपल्याला आठवतं. या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. 1967 मध्ये बारा रुग्णांवरून तिचं पहिलं वर्णन झालं.

सगळं खापर न्यूट्रोफिलवर फोडणं मात्र चूक ठरेल. ज्यांच्या रक्तात त्या नावालाच उरल्या आहेत, अशा रुग्णांनाही एआरडीएस होतो. प्लेटलेट आणि फुफ्फुसातल्या भक्षक पेशींचाही यात हात असतो. इलॅस्टेज रोखणारं सिव्हेलेस्टॅट हे औषध मोठ्या चाचणीत मृत्यू कमी करू शकलं नाही. शिवाय या पेशींना सरसकट आवरलं तर पायातले जंतू मोकाट सुटतील. म्हणून उपचार मुळावरच : वेळेत प्रतिजैविक, साचलेला पू काढणं आणि व्हेंटिलेटर लागलाच तर छोटे श्वास. 2000 सालच्या अमेरिकी चाचणीत छोट्या श्वासांनी मृत्यूचं प्रमाण शंभरात सुमारे 40 वरून 31 वर आलं.

पेशंट मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत पडदा किती फाटला आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. पालावर बोटाला लावायचं यंत्र नसतं, पण मोबाइलमध्ये घड्याळ असतं. ताप आहे, जखम चिघळली आहे, तर मिनिटभर छातीकडे बघून श्वास मोजा. मोठ्या माणसाचे 22 किंवा जास्त भरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका; गाडी रात्रीच काढा.

पुढच्या आठवड्यात प्लेटलेट.