‘आम्ही’ आणि ‘आपण’ : रहिवासी मंडळांच्या नागरी कार्याचे स्वरूप

नगराचा कारभार नगरपालिकेच्या सभागृहात ठरतो आणि तिच्या कचेऱ्यांतून चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. मात्र अपुरा आहे. गल्लीतील दिवा बंद पडला, पावसाळा तोंडावर आला तरी गटार उपसले गेले नाही, वरच्या मजल्यावर पाणी चढेनासे झाले, या गोष्टी सभागृहापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. त्या कोणी तरी पाहाव्या लागतात, कोणी तरी योग्य ठिकाणी सांगाव्या लागतात, आणि सांगितल्यानंतर त्यांचा माग ठेवावा लागतो. घर आणि कचेरी यांच्यामधील या जागेत स्वेच्छेने काम करणाऱ्या रहिवासी मंडळांचे कार्य नेमके कोणत्या प्रकारचे आहे आणि त्याची मर्यादा कोठे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई व पुणे या दोन शहरांच्या आधारे करावयाचा आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था ही १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते. तिचे सभासदत्व घराच्या मालकीशी निगडित असून तिचे अधिकारक्षेत्र आवाराच्या भिंतीपाशी संपते. रहिवासी मंडळाचे क्षेत्र त्या भिंतीच्या बाहेर सुरू होते. रस्ता, पदपथ, नाला, मैदान, कचरापेटी, म्हणजे जे सर्वांचे असते आणि म्हणूनच पुष्कळदा कोणाचेच नसते, ते त्याचे क्षेत्र होय. येथे कोणावर सक्ती नाही, कोणाला वेतन नाही, आणि दंड करण्याचा अधिकार तर मुळीच नाही.

१

मुंबई महानगरपालिकेने १९९७ साली ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ या नावाने एक योजना हाती घेतली. एका रस्त्यावरील किंवा लगतच्या काही इमारतींतील रहिवाशांनी आपले मंडळ स्थापावे, घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा करावा, ओल्या कचऱ्याचे शक्य तेथे जागेवरच खत करावे आणि सुका कचरा वेचणाऱ्यांच्या स्वाधीन करावा, असे तिचे मूळ स्वरूप होते. महापालिकेने आपल्या बाजूने विभाग कार्यालयात अशा मंडळांसाठी एक अधिकारी नेमून द्यावयाचा होता. आरंभीच्या उदाहरणांत घाटकोपर पूर्वेकडील जोशी लेनचा उल्लेख नेहमी केला जातो. पुढे अशी काहीशे मंडळे शहरात स्थापन झाली.

या योजनेमागील व्यावहारिक कारण उघड होते. १९२७ पासून शहराचा कचरा ज्या देवनारच्या भूमीवर जात होता, तिची क्षमता अमर्याद नव्हती. गल्लीतच मुरविलेला प्रत्येक किलो ओला कचरा हा वाहून नेण्याच्या खर्चातून आणि देवनारच्या ढिगातून वजा होत होता. कचऱ्याचे वर्गीकरण हे काम वरून हुकूम काढून साधत नाही. त्यासाठी प्रत्येक स्वयंपाकघरातील सवय बदलावी लागते, आणि सवय बदलण्याचे सामर्थ्य हुकमापेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेत अधिक असते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २००० सालच्या व त्यानंतर २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनी वर्गीकरणाला वैधानिक आधार दिला, परंतु काही मंडळांनी ते त्यापूर्वीच अंगवळणी पाडले होते.

कचऱ्यापासून आरंभ झालेले हे काम कचऱ्यापाशी थांबले नाही. जे मंडळ महिन्यातून एकदा विभाग कार्यालयात जाऊ लागले, ते लवकरच खड्डे, झाडांच्या फांद्या, पाण्याची गळती आणि पदपथावरील अडथळे यांविषयीही बोलू लागले. कचरा हे निमित्त ठरले, आणि त्या निमित्ताने रहिवासी व अधिकारी यांच्यात नियमित संभाषणाची एक वाट निर्माण झाली.

२

हे संभाषण कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला गौण वाटू नये. शेजारी शेजाऱ्याशी बोलतो ते गाऱ्हाणे असते. त्यात राग असतो, आठवणी असतात, मागच्या पावसाळ्याचा दाखला असतो. कचेरी मात्र गाऱ्हाणे स्वीकारत नाही. ती अर्ज स्वीकारते. अर्जाला विषय लागतो, दिनांक लागतो, स्थळाचा निश्चित निर्देश लागतो आणि ज्या खात्याचे ते काम त्याचे नाव लागते. रस्ता एका खात्याचा, रस्त्याखालील जलवाहिनी दुसऱ्याचा आणि रस्त्याकडेचे झाड तिसऱ्याचा विषय असतो, हे सामान्य रहिवाशाला ठाऊक असण्याचे कारण नाही. गाऱ्हाण्याचे अर्जात रूपांतर करणे हे रहिवासी मंडळाचे पहिले मोठे काम होय, आणि ते वस्तुतः भाषांतराचे काम आहे.

दुसरे काम उत्तराच्या भाषेशी संबंधित आहे. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’, ही वाक्ये मराठी कार्यालयीन पत्रव्यवहारात परिचित आहेत. ‘करण्यात येणे’ या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की त्यात क्रिया सांगितली जाते आणि कर्ता सांगावा लागत नाही. व्याकरणदृष्ट्या त्यात काही दोष नाही. परंतु नागरिकाला जे हवे असते ते नेमके त्या रिकाम्या जागेत असते : काम कोण करणार, आणि कधी? पाठपुरावा म्हणजे त्या वाक्याला कर्ता आणि काळ मिळवून देणे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने याला बळ दिले. सामान्यतः तीस दिवसांच्या आत माहिती देण्याचे बंधन आल्यामुळे, कोणत्या टेबलावर कागद थांबला आहे, हे विचारण्याचा हक्क रहिवाशाला प्राप्त झाला. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी मुदत आणि जबाबदार अधिकारी निश्चित करण्याची तरतूद केली. तथापि हक्क कागदावर असणे आणि तो वापरण्याची सवय समाजात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती सवय एकट्या माणसाला सहसा लागत नाही. मंडळात ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

३

येथवरचे वर्णन मंडळांच्या बाजूचे झाले. आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे; त्यासाठी मराठीच्या सर्वनामव्यवस्थेचे साहाय्य होते.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ या रूपात ऐकणाऱ्याचा समावेश नसतो; ‘आपण’ या रूपात तो असतो. संस्कृतात असा भेद नाही. द्राविडी भाषांत तो आहे, आणि मराठीतील या भेदाचा संबंध पुष्कळ अभ्यासक त्या सहवासाशी जोडतात. त्याशिवाय ‘आपण’ हे मध्यमपुरुषी आदरार्थी सर्वनामही आहे. रहिवासी मंडळाच्या कागदपत्रांत ही तिन्ही रूपे एकत्र आढळतात. ‘आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी आपणांस विनंती करतो की’ या वाक्यात ‘आम्ही’ म्हणजे मंडळ आणि ‘आपण’ म्हणजे अधिकारी. ‘आपला परिसर आपण स्वच्छ ठेवू’ या फलकावर मात्र ‘आपण’ म्हणजे सगळेच. मंडळाचा अर्ज ‘आम्ही’ने सुरू होतो आणि त्याचा फलक ‘आपण’ने, असे म्हणता येईल.

प्रश्न असा, की फलकावरील ‘आपण’मध्ये जे येतात, ते सर्व अर्जावरील ‘आम्ही’मध्ये येतात काय? भाडेकरू, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, पहारेकरी, कोपऱ्यावरील भाजीवाला, पहाटे रस्ता झाडणारा कामगार, ही सारी माणसे त्या परिसराचा दिवस घडवितात. सह्यांच्या यादीत ती क्वचितच दिसतात. ज्यांच्याकडे मालकीचे घर, थोडा मोकळा वेळ आणि अर्जाच्या भाषेची सवय आहे, त्यांचाच आवाज परिसराचा आवाज म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. स्वयंसेवेसाठी जी सवड लागते, तीच मुळात विषम वाटलेली आहे.

मुंबईच्या योजनांची नावेच या दृष्टीने बोलकी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथील स्वच्छतेसाठी महापालिकेने जी निराळी योजना काढली, तिचे नाव ‘दत्तक वस्ती योजना’ असे होते; पुढे ते बदलण्यात आले. तीत स्थानिक संस्थांना मानधन देऊन त्यांच्याकरवी सफाईचे काम करून घेतले जाई. ‘परिसर’ आणि ‘वस्ती’ हे दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले. मुळात एकाचा अर्थ सभोवतालचा प्रदेश, दुसऱ्याचा राहण्याचे ठिकाण. आजच्या नागरी मराठीत मात्र परिसर ‘प्रगत’ असतो आणि तो ‘व्यवस्थापन’ करतो. वस्ती ‘दत्तक’ जाते. एका ठिकाणी रहिवासी क्रियेचा कर्ता आहे, दुसऱ्या ठिकाणी तो कर्म आहे. एकाच शहरातील एकाच प्रकारच्या कामासाठी असा शब्दभेद सहज घडत नाही. तो आधीपासून असलेल्या सामाजिक भेदाची नोंद करतो.

४

ही विषमता कायद्याने निवडलेल्या मार्गांनी दूर व्हावी, अशी अपेक्षा होती. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या स्थापन करणे आवश्यक केले. महाराष्ट्रातील कायद्याने अशा समितीवर नगरसेवकांखेरीज मान्यताप्राप्त स्वयंसेवी व समुदायाधारित संस्थांच्या तिघांपर्यंत व्यक्ती घेण्याची सोय ठेवली. २००९ च्या दुरुस्तीने त्याहून खाली, दोन ते पाच मतदान केंद्रांच्या क्षेत्रासाठी, ‘क्षेत्रसभे’ची कल्पना आणली. तीत त्या क्षेत्रातील प्रत्येक मतदाराला स्थान आहे, मग तो मालक असो वा भाडेकरू. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर मिटविण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग होता. परंतु क्षेत्रसभा हा नागरी जीवनाचा नित्य भाग झाला नाही.

परिणामी दोन निरनिराळ्या वाटा रूढ झाल्या. झोपडपट्टीतील रहिवासी नगरसेवकाकडे जातो, कारण त्याच्या मताला तेथे किंमत आहे. इमारतीतील रहिवासी मंडळामार्फत अधिकाऱ्याकडे जातो, कारण त्याच्या अर्जाला तेथे किंमत आहे. ईसा बाउड आणि नवतेज नैनन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील प्रभाग समित्या आणि परिसर मंडळे यांची एकत्र चिकित्सा मध्यमवर्गीय सक्रियतेच्या संदर्भात केली, ती याच कारणाने महत्त्वाची ठरते. मंडळांनी निवडणुकीची वाटही चोखाळून पाहिली. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहूमधून नागरिकांच्या वतीने उभा राहिलेला उमेदवार निवडूनही आला. परंतु तो अपवादच राहिला.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात नगरसेवक नव्हते. म्हणून नगरसेवकांची प्रभाग समितीही नव्हती. दोन वाटांपैकी एक बंद झाली आणि अधिकाऱ्याकडे जाणारी दुसरी तेवढी उघडी राहिली. स्वयंसेवी मंडळ हे लोकनियुक्त संस्थेला पूरक असते तेव्हा त्याचे मोल मोठे असते. तिच्या जागी तेच एकटे उरले, तर ज्यांचे मंडळ नाही त्यांना नगरात वाणी उरत नाही.

५

तथापि यावरून मंडळांचे कार्यच सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. सर्वनामाची कक्षा रुंदावता येते, याचे एक उदाहरण पुण्यात आहे. १९९३ साली तेथे कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार केला आणि कचरावेचक, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, घरोघर जाऊन कचरा गोळा करू लागले. त्याबद्दल प्रत्येक घराने मासिक शुल्क द्यावयाचे असते. ज्या बाईला पूर्वी आवाराबाहेर हटकले जात असे, ती आता ओळखपत्रासह दाराशी येते आणि ओल्यात सुके मिसळले असल्यास तसे सांगते. ‘कचरावेचक’ या शब्दाचीही येथे दखल घेतली पाहिजे. ‘वेचणे’ म्हणजे निवडून घेणे. उत्तम उताऱ्यांना मराठीत ‘वेचे’ म्हणतात ते त्यामुळेच. या नावाने कामातील पारख मान्य केली आहे.

दुसरी शक्यता कायद्यातच आहे. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या केंद्रीय अधिनियमाने प्रत्येक नगरात पथविक्रेता समितीची तरतूद केली. तीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असे बंधन असून रहिवासी मंडळांनाही प्रतिनिधित्व आहे. पदपथ मोकळा हवा म्हणून अर्ज करणारा आणि ज्याला हटविण्यासाठी तो अर्ज केला तो, असे दोघेही तेथे एका मेजाभोवती बसतात. अर्जात ज्याचा उल्लेख केवळ ‘अतिक्रमण’ असा होतो, तो तेथे समोर बसून बोलतो.

रहिवासी मंडळाचे मूल्यमापन करताना त्याने किती खड्डे बुजवून घेतले, किती कचरा मुरविला, हे मोजले जाते, आणि ते मोजलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासणे अगत्याचे आहे : मंडळाच्या सभेत जेव्हा ‘आपण’ हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा तो ऐकणारे कोण असतात? ज्यांच्याविषयी ठराव होतो ती माणसे त्या खोलीत असतील, तर ते मंडळ परिसराचे. ती दाराबाहेर असतील, तर मंडळ कितीही उद्योगी असले तरी ते काही घरांचेच राहील.