दिवा हवा तो परतीच्या वाटेसाठी

गेल्या दिवाळीत माझा भाचा फ्लोरिडाहून बेळगावला आला. बॅग उघडली तेव्हा चॉकलेटच्या पाकिटांखालून एक काळा, वीतभर उंचीचा, घट्ट झाकणाचा डबा निघाला. झाकणातून बाहेर आलेली जाड वायर आणि वायरच्या टोकाला मुठीएवढा दिवा. अक्काने तो डबा हातात तोलून पाहिला आणि विचारले, "ह्यातनं काय लोणचं नेतोस काय रे?"

"लोणचं नाही गं आई, हे बेळकु आहे," भाचा म्हणाला, "पाण्याखालच्या गुहेत न्यायचं."

अक्काचे हसू तिथेच थांबले. गुहेत उतरण्याचे शिक्षण घेणार असे त्याने फोनवर सांगितले तेव्हाच तिने बजावले होते, "काय घेऊन उतरतोस ते आधी मला दाखव, मग बघू." म्हणून तर तो डबा एवढ्या लांबून आला होता. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर जो वर्ग भरला, त्यात मलाही बरेच शिकायला मिळाले. आजकाल आपल्या भागातली मुले मुर्डेश्वरला, मालवणला, गोव्याला स्कूबा शिकतात आणि पुढे परदेशी जाऊन मोठ्या पाण्यात उतरतात. तेव्हा हे आईवडिलांनाही ठाऊक असलेले बरे.

डबा कशाला?

आपण जिला बॅटरी म्हणतो त्या साध्या विजेरीत सेल आणि दिवा एकाच नळीत असतात. ह्या प्रकारात दोन्ही वेगळे केलेले आहेत. जड बॅटरी डब्यात, डबा कमरेच्या पट्ट्याला, आणि हातात फक्त हलका दिवा. हा दिवाही मुठीत धरायचा नसतो. एका आडव्या दांडीतून बोटे घालायची, म्हणजे तो हाताच्या पाठीवर बसतो. ह्या दांडीला गुडमन हँडल म्हणतात. दिवा हातावर असूनही बोटे मोकळी राहतात आणि दोरी धरता येते, झडप फिरवता येते. ह्या दिव्याचे खरे मोल उजेडाइतकेच ह्या मोकळ्या बोटांत आहे.

पूर्वी हॅलोजन बल्ब होते आणि ते वीज भराभर खात. १९९० च्या दशकात एचआयडी दिवे आले. ते प्रखर होते, पण नाजूक. विझवला की लगेच पुन्हा पेटत नसे. आता सगळीकडे एलईडी आहे. त्याला वीज कमी लागते, म्हणून डबाही लहान झाला. आणि म्हणूनच आज पुष्कळांना डब्याची गरजच उरलेली नाही.

तुम्हाला तो हवा आहे का?

मुर्डेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर नेत्राणी बेट आहे. तिथे दिवसा उतरणाऱ्याला डब्याचा दिवा लागत नाही. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यामुळे काही मीटर खाली गेले की सगळे निळसर-करडे दिसू लागते. खडकाच्या फटीतला मासा त्याच्या खऱ्या रंगात पाहायचा तर हातातली छोटी पाणबुडी विजेरी पुरे. ग्रँड आयलंडला आणि मालवणलाही तेच. डब्याच्या दिव्याची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. केवळ हौसेपायी एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

त्याचे खरे घर म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहा आणि बुडालेल्या जहाजांचे अंतर्भाग. फ्लोरिडाचे झरे आणि मेक्सिकोतील युकातान ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. युकातानमध्ये दोन गुहा आतून जोडलेल्या असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा त्या एका जाळ्याची लांबी ३४७ किलोमीटर भरली. बेळगावहून पुण्याला जाण्याइतके अंतर, आणि तेही डोक्यावर छत असलेल्या पाण्यातून!

फ्लोरिडातल्या काही झऱ्यांवर एक गमतीचा वाटणारा नियम आहे. ज्याने गुहेचे शिक्षण घेतलेले नाही, त्याने पाण्यात दिवाच न्यायचा नाही. अक्काला हे उलटे वाटले. अंधाराच्या जागी दिवा नको? पण दिवा हातात असला की माणूस "थोडंसंच आत बघून येऊ" म्हणतो. आत तळाशी पिठासारखा मऊ गाळ असतो. पायाच्या एका फटक्याने तो उठतो आणि कितीही मोठा दिवा असला तरी वाट दिसेनाशी होते. उघड्या समुद्रातले निष्णात शिक्षकसुद्धा असे गुहेत गेले आहेत. म्हणून गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली पाटी असते. तिच्यावर झगा घातलेला, हाती विळा घेतलेला सांगाडा आणि एवढाच इशारा, की इथून पुढे जाऊ नका.

शेक एक्स्ली ह्या अमेरिकन पाणबुड्याने अशा अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचे सार आजही शिकवतात. बाहेरच्या उजेडापासून आतपर्यंत अखंड दोरी हवी. हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला अडीअडचणीसाठी. आपल्या शिक्षणाबाहेरची खोली गाठायची नाही. शिक्षण आणि दिवे हे दोन नियम त्यांच्याच जोडीला आले. म्हणजे दिवा हा पाचांतला एक. एकटा दिवा कोणाला वाचवत नाही.

निवडताना

पहिली गोष्ट झोताची. दुकानदार ल्युमेनचे मोठमोठे आकडे सांगतो, पण झोत किती अरुंद आहे ते आधी विचारावे. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गाडी चालवणाऱ्याला हे लगेच पटेल. धुक्यात हेडलाइट मोठे केले की समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्यात पसरट दिव्याचे तसेच होते. ६ ते १० अंशांचा आवळलेला झोत मात्र पाणी कापत जातो. पसरट दिवा व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी.

अरुंद झोताचा दुसरा उपयोग बोलण्यासाठी. पाण्याखाली तोंड बंद, म्हणून दिवाच जीभ. भिंतीवर सावकाश गोल फिरवला की "सगळे ठीक". सावकाश आडवा हलवला की "इकडे लक्ष दे". जोरजोराने आडवा हलवला की "संकट!" पुढच्या माणसाला मागच्याच्या दिव्याचा ठिपका आपल्या ठिपक्याशेजारी दिसत राहतो. तो दिसेनासा झाला की मागे वळायचे.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे शाळेतले गणित पुरते. बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. १०.८ व्होल्ट आणि ९ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे ९७ वॉट-अवर. त्यावर ५० वॉटचा जुना हॅलोजन जेमतेम दोन तास चालेल, २० वॉटचा एलईडी पावणेपाच तासांच्या आसपास. बॅटरी जुनी होते, थंड पाण्यात कमी चालते. म्हणून ठरवलेल्या वेळेच्या दीडपट तरी हिशेब धरावा.

नेताना

डबा उजव्या कमरेला, पट्ट्यात ओवून, पुढून बकल लावून घट्ट बसवायचा. दिवा डाव्या हातावर, म्हणजे उजवा हात कामाला मोकळा. वायर बेताच्या लांबीची हवी. लोंबणारी वायर खडकात अडकते. गुहेत जाणाऱ्यांच्या एका श्वासनळीची लांबी सुमारे २ मीटर असते. जोडीदाराची हवा संपली तर तीच त्याला द्यायची. ती उजव्या बाजूने डब्याखालून येऊन छातीवरून गळ्याभोवती जाते. दिव्याची वायर नेहमी ह्या नळीच्या खाली राहायला हवी. वर आली तर नेमक्या वेळी नळी अडकेल. हे घरी उभ्याउभ्या दहादा करून बघावे. भाच्याने आमच्या हॉलमध्ये कापडी पट्टा बांधून ते करून दाखवले.

सगळेच असे नेत नाहीत. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या १२ मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला २ जुलैला शोधून काढणाऱ्या दोघा ब्रिटिश पाणबुड्यांचे दिवे हेल्मेटवर होते. चिंचोळ्या, गढूळ वाटेत दोन्ही हातांनी चाचपडत जायचे तर तेच बरे. त्या गुहेतले पाणी उपसायला सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ गेले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले ते आपल्या बेळगावातच, हेही ह्या निमित्ताने आठवले.

घरी आणि विमानात

झाकणाच्या रबरी कड्यावर केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरते. कडे पुसून, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावून झाकण बंद करावे. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे. लिथियम बॅटरी झोपताना चार्जिंगला लावू नये. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियात पाणबुड्यांच्या बोटीला रात्री आग लागून ३४ जण गेले. आगीचे मूळ ठरले नाही, पण रात्री पहारा नव्हता हे मात्र ठरले. त्यानंतर कोणी लक्ष ठेवायला नसताना लिथियम बॅटऱ्या चार्ज करण्यावर मर्यादा घालण्याचा विचार करा, असे तिथल्या तटरक्षक दलाने सांगितले.

विमानात सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यायची. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. त्याहून मोठी नेताच येत नाही. बॅटरी दिव्यापासून सोडवून, टोकांना चिकटपट्टी लावावी. चुकून पेटलेला दिवा पाण्याबाहेर भयंकर तापतो.

हे सगळे अक्काने शांतपणे ऐकले. मग तिने एकच प्रश्न विचारला, "आणि हा बंद पडला तर?"

भाच्याने बॅगेतून दोन छोट्या विजेऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. ह्या खांद्याच्या पट्ट्यांना रबराने बांधलेल्या असतात. मोठा विझला की आधी छोटी पेटवायची, मगच ती पट्ट्यावरून सोडवायची. जोडीदाराला खूण करायची आणि दोघांनीही बाहेर पडायचे. तिघांपैकी कोणताही एक दिवा गेला तरी फिरायचे. "पुढचं थोडंच राहिलं होतं" हे कारण चालत नाही.

"आणि शिकवणारा सोबत असणार?"

"असणार. शिकल्याशिवाय आत सोडतच नाहीत."

अक्काने डब्याचे झाकण स्वतः बंद केले आणि बकल खेचून पाहिले. आपल्याकडे घरातून निघणाऱ्याला कोणी नुसते "जा" म्हणत नाही. मराठीत "जाऊन ये" म्हणतो, कन्नडमध्ये "होगि बा". दोन्हींत येणे आहेच. डबा त्याच्या हातात देताना ती एवढेच म्हणाली, "होगि बा."